मामा पेन देईना

भिंगरीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. त्या दिवशी तर सकाळपासून तिने खोलीत इतक्या चकरा मारल्या की इस्त्री करणारी आई वैतागली.

"अगं, जमीन झिजेल. बस जरा."

"बसते की."

"बसतेस कुठे? टेकतेस आणि उठतेस."

जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजला अर्ज करायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी अर्ज घेणं बंद होणार होतं. भिंगरीचे मार्क चांगले होते. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या तिने जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुण्यात घालवल्या होत्या, तिथल्या डॉक्टरांचं शिफारसपत्रही होतं. सगळे रकाने भरून झाले होते, एक सोडून. त्यात विचारलं होतं: यापूर्वी कोणत्याही शिक्षणसंस्थेने तुमच्यावर कारवाई केली आहे का? असल्यास सविस्तर लिहा.

केली होती. आधीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवून त्यांचे ठिपके मोजायचे होते. भिंगरीने बशा ऊब देणाऱ्या कपाटात ठेवल्या आणि दार नीट लावलं नाही. परत येऊन बघते तर सगळं वाळून तडकलेलं. प्रयोग पुन्हा करता आला असता, पण बाईंना तसं सांगायची लाज वाटली. शेजारच्या टेबलावर मैत्रिणीची वही उघडी होती. भिंगरीने तिचे आकडे बघितले, थोडे इकडेतिकडे केले आणि आपल्या वहीत उतरवले. बाई म्हणाल्या, बशा दाखव. तिथेच बिंग फुटलं. चौकशी झाली, त्या विषयात शून्य आणि वर लेखी ताकीद. पुढच्या वर्षी तो विषय पुन्हा देऊन ती सुटली.

आईला आणि मामाला एवढं ठाऊक होतं. चौकशीच्या खोलीत काय झालं, ते मात्र भिंगरीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"'नाही' असं लिहिलं तर?" आईने चादरीची घडी घालत विचारलं.

"पुढे कळलं तर काढून टाकतात. पदवी हातात आल्यावरसुद्धा."

"आणि 'हो' लिहिलं तर?"

"तर कदाचित घेणारच नाहीत."

आईने इस्त्री उभी केली. "मामाकडे जा. कागदाच्या बाबतीत त्याच्याइतकं डोकं आपल्या घरात कुणाचं नाही."

मामाचं दुकान कोर्टासमोर होतं. एक कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र, एक बाक आणि दिवसभर माणसांची रांग. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, सगळं तो लिहून द्यायचा. त्याचा एक नेम होता. कागद छापला की समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तो माणूस "समजलं, खरं आहे" असं तोंडाने म्हणेपर्यंत सहीला पेन द्यायचा नाही. घाईतली माणसं चिडत. मामा म्हणे, "पेन कुठे पळत नाही. आधी म्हणा."

भिंगरी पोचली तेव्हा बाकावर एक निवृत्त ड्रायव्हर आपल्या कागदाची वाट बघत बसला होता. मामाने त्याला हातानेच थांबवलं, रकाना वाचला आणि बोटं मोडली.

"एवढंच ना? घे." आणि भराभर टाइप करून त्याने वाचायला सुरुवात केली. "'सदर प्रयोगाच्या वेळी कपाटाच्या तांत्रिक बिघाडामुळे नमुने खराब झाले. नोंदी करताना अर्जदाराकडून अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या. संस्थेने योग्य ती दखल घेतली असून प्रकरण निकाली निघाले आहे.' कसं आहे?"

"झकास," ड्रायव्हर बाकावरून म्हणाला. "यात शिक्षा झालीच तर कपाटाला होईल."

"तेच तर कसब आहे," मामा खूश होऊन म्हणाला. "चल भिंगरे, म्हण."

भिंगरी उठून दारापर्यंत गेली, परत आली.

"मामा, नुसती सही करते ना."

"नेम तो नेम. भाचीला सवलत नाही."

"पण बिघाड कुठे झाला होता? दार मीच लावलं नव्हतं."

"अगं, दाराचं कोण विचारतंय? विचारलं तेवढंच सांगायचं. इथे बसून केस पांढरे झालेत माझे."

"मग नेम मोड."

मामाने पडद्यावरचं सगळं पुसून टाकलं आणि जरा घुश्शातच म्हणाला, "सांग. तुझ्या तोंडाने सांग, मी टाइप करतो."

भिंगरी उभ्यानेच सांगू लागली. दार, वाळलेल्या बशा, मैत्रिणीची वही, न विचारता घेतलेले आकडे, ते बदलणं. एका जागी मामा कळवळला, "'चोरले' नको गं बाई, 'घेतले' पुरे." कागद बाहेर आला. मामाने वाचून दाखवला. आता लपवण्यासारखं काहीच उरलेलं दिसत नव्हतं.

"समजलं," भिंगरी म्हणाली, आणि पुढचे दोन शब्द म्हणायचे सोडून मागे वळली. ती दुकानाबाहेर पडली. समोर उभ्या असलेल्या गाडीला तिने एक वळसा घातला, मग दुसरा.

"पोरगी निघाली का काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"येईल. लहानपणापासून अशीच आहे."

ती आली. "मामा, एक राहिलंय."

मामाने चष्मा काढला.

"चौकशीत मला विचारलं, आकडे कुठून आणले. मी म्हणाले, मैत्रिणीनेच दिले."

"आणि तिने दिले नव्हते."

"नव्हते. मग तिलाही बोलावलं. आठवडाभर तीही माझ्यासारखीच चौकशीत अडकली. शेवटी मी जाऊन खरं सांगितलं."

"आपणहून सांगितलंस ना? मग झालं तर!"

"दोघींना समोरासमोर बसवणार असं कळल्यावर." भिंगरीची नजर पायांकडे गेली. "ती अजून माझ्याशी बोलत नाही."

ड्रायव्हरने एकदम कोर्टाकडे बघायला सुरुवात केली.

"हे ताकीदपत्रात आहे?" मामाने हळूच विचारलं.

"नाही. त्यात फक्त आकड्यांचं आहे."

"म्हणजे कुणाला कळायचा प्रश्नच नाही. भिंगरे, हे लिहिणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं आहे."

"मग राहू दे तसंच. दे पेन."

मामाचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यभराची सवय. त्याने पेन दिलं नाही, नाहीही म्हणाला नाही.

"म्हण की मग," तो म्हणाला.

भिंगरीला म्हणता आलं नाही. मामाने सुस्कारा टाकला, चष्मा घातला आणि खुर्ची पुढे ओढली. "बोल. मैत्रिणीचं कसं लिहायचं?"

तिसऱ्या खेपेला त्याने कागद वाचला तेव्हा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. भिंगरी म्हणाली, "समजलं. खरं आहे." पेन मिळालं. सही झाली, अर्ज गेला. सांगून टाकलं की मोकळं वाटेल असा तिचा अंदाज होता. तसं काही झालं नाही.

आईला तिने सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "त्या पोरीला आठवडाभर तसं ठेवलंस?"

"हो."

इस्त्री झालेली चादर आईने पुन्हा उलगडली आणि पुन्हा इस्त्री करायला घेतली.

मुलाखतीचं पत्र यायला बरेच आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांत भिंगरीने जमीन खरोखर झिजवली.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या डॉक्टरीणबाईंच्या मनगटावर कुत्र्याच्या जुन्या चाव्याचे व्रण होते. त्यांनी भिंगरीचा कागद पुढे सरकवला.

"मैत्रिणीची गोष्ट तुमच्या कॉलेजने कळवलेली नाही. मग तुम्ही का लिहिलीत?"

भिंगरीने उत्तरं घोकून ठेवली होती, चांगली चांगली. त्यातलं एकही आठवेना.

"मामा पेन देत नव्हता," ती म्हणाली.

एकजण हसला. बाई हसल्या नाहीत. "वाचून दाखवा."

टेबलाखाली भिंगरीचा पाय हलत होता. तिने वाचायला सुरुवात केली. मैत्रिणीच्या वाक्याला आवाज चिरकला, पण तिने ते वाक्य गाळलं नाही, भराभर उरकलंही नाही. शेवट आला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "समजलं. खरं आहे."

मग संपलंच सगळं असं वाटून ती उठली, खुर्ची मागे सारली आणि पिशवी उचलली.

"निघालात कुठे?" बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि दुसरी फाइल उघडली. "बसा. प्रश्न तर आता सुरू होतील."

भिंगरी बसली.