साडूच्या घरचा मुकादम

माझे सासरे माझ्या साडूच्या कोळंबीकडे ज्या नजरेने पाहायचे, तसं त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. माझी बायकोही हसली होती.

कोळंबी म्हटलेलं साडूला खपत नाही. ‘दादा, मँटिस श्रिंप म्हणा.’ म्हणतो बाबा, तुझ्या समाधानासाठी. कोळंबीचाच दूरचा भाऊबंद, वीतभर लांब, अंगावर हिरवा, निळा, लाल, केशरी असे सगळे रंग एकदम सांडलेले. डोळे दांड्यांवर, आणि एक डोळा तुमच्याकडे असला तर दुसरा भलतीकडे. छातीशी दोन सोटे दुमडून धरलेले. टाकीत गोगलगाय सोडली की ठक्क! शंखाचा चुरा. साधी काच फोडेल म्हणून त्याची टाकी जाड प्लास्टिकची, आणि त्यात दुसरा कुणी जीव चालत नाही. दिवसभर हा खडे इकडचे तिकडे करणार, बिळाच्या तोंडाशी बसून सगळ्यांवर देखरेख करणार. मामांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम.

मामा म्हणजे माझे सासरे. मी त्यांचा थोरला जावई आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. आमचं कवळ्या बनवायचं दुकान आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही साचा करतो, मेणात एकेक दात बसवतो, माणसाला पुन्हा चावता-हसता येईल असं करून देतो. दात बसवणं हे नाजूक काम. केसभर इकडेतिकडे झालं की गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या तोंडात दुसऱ्याचंच तोंड बसवलंय. हे सगळं मला मामांनी शिकवलं. लग्न नंतर झालं, आधी मी त्यांचा शिष्य. आता त्यांचं वय झालंय, हात जरा थरथरतात, म्हणून बरंचसं काम मी आपणहून माझ्याकडे ओढून घेतलंय. त्यांना त्रास नको. मी आहे ना.

तर अशा माणसाने संध्याकाळी दुकानाचं शटर पडलं की माझ्या घरी यावं, निदान समोर बसून कपभर चहा घ्यावा, ही अपेक्षा काय फार मोठी आहे? पूर्वी यायचे. त्या दिवशीच्या कवळ्यांची चर्चा व्हायची, कोण डॉक्टर कसा गाढव आहे यावर आम्ही दोघं तासभर बोलायचो. साडूने टाक्या मांडल्या आणि ते सगळं बंद झालं. शटरचं कुलूप लागायच्या आत यांची चप्पल त्या रस्त्याला लागलेली.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे माणसांना वर-खाली नेणं हा त्याचा धंदा, आणि मला खाली उतरवणं हा छंद. त्याच्या बैठकीच्या खोलीत शिरलं की गुणगुणणारे पंप, निळसर दिवे आणि भिंतीला लागून खाऱ्या पाण्याच्या टाक्या. एकीत एक खेकडा, जो मिळेल तो कचरा, शेवाळ, शिंपल्याचे तुकडे पाठीवर चिकटवून हिंडतो. दुसरीत नखाएवढा खेकडा, दोन्ही नांग्यांत फुलासारखे दोन जिवंत जीव धरून मुष्टियोद्ध्यासारखा उभा. एक किडा नळीत राहतो आणि डोक्यावर पिसांचा पंखा उघडतो, सावली पडली की फट्‌कन आत. आणि एक जाडजूड काकडीसारखा प्राणी, जो दिवसभर वाळू खातो आणि वाळूच टाकतो. याला साडू ‘माझा सफाई कामगार’ म्हणतो. मामा खदाखदा हसतात. मी गेल्या कित्येक वर्षांत दुकानात इतके विनोद केले, मामा फार तर मिशीतल्या मिशीत हसले असतील.

आणि बोलणं कसं! मला ‘अहो जावईबापू, जरा ते मेण द्या.’ त्याला ‘अरे, इकडे ये, बघ बघ, मुकादमाने कसा दगड उचललाय!’ माझा नुसता तिळपापड व्हायचा.

‘तुम्ही जळताय,’ बायको म्हणाली.

‘कोळंबीवर? मी?’

‘कोळंबीवर, माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर, त्यांच्या पंपावरसुद्धा. जेवताना तुमच्या कपाळाची शीर उडते.’

मी ताटावरून उठलो नाही एवढंच.

मग साडू आणि मेव्हणी काही दिवस बाहेरगावी निघाले. किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. कारण आम्ही जवळ राहतो, आणि मामांना रोज साडूच हात धरून तीन जिने चढवतो, एकट्याने दोन्ही वेळा येणं त्यांना जमणार नाही. साडूने मला टाक्यांसमोर उभं केलं आणि शिकवायला सुरुवात केली. यात एवढं पाणी घालायचं, त्यात एवढं खाणं. मी म्हटलं, हो. हे बटण बंद पडलं तर हे दाबायचं. हो. मग मुकादमाच्या टाकीशी आला, आवाज अगदी बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसा खाली आणला. ‘दादा, याने बिळाचं तोंड खड्यांनी बंद केलंय. खाणार नाही. याचं कसं असतं माहितीये का, अशा वेळी...’

आता मला कोण सांगतंय? ज्याने आयुष्यात हातात मेणाचा गोळा धरला नाही तो मला नाजूक वस्तू सांभाळायला शिकवतोय. ‘कळलं रे, कळलं,’ मी म्हणालो. ‘दार लावलंय, खाणार नाही, त्रास द्यायचा नाही. एवढं काही रॉकेट सोडायचं नाहीये.’

तो थोडा हिरमुसला. ‘बरं,’ म्हणाला आणि बॅग उचलली. मला तेव्हा फार बरं वाटलं.

आठवडाभर मी इमानदारीने गेलो. दुकानात मामा रोज विचारायचे, ‘मुकादम कसा आहे?’ माझ्या तब्येतीची चौकशी एवढ्या जिव्हाळ्याने कधी झाली नव्हती. ‘मजेत,’ मी म्हणायचो.

‘रविवारी मीही येतो तुमच्याबरोबर. चढेन हळूहळू.’

‘या की,’ म्हटलं. पोटात दुखलं ते दुखलंच.

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला आणि पाहतो तर मुकादम वाळूवर पडलेला. आडवा. पाय वर. सोटे, शेपटी, दांड्यांवरचे डोळे, सगळं जागच्या जागी, पण डोळ्यांत काही नव्हतं. रंगही उडालेला. मी काडीने हलवलं. पाण्याबरोबर हललं आणि पुन्हा पडलं.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू. सुटलो एकदाचा, असं वाटलं. आता मामा संध्याकाळी कशाला येतील इथे? मग पुढच्याच क्षणी घाम फुटला. कारण हे माझ्या ताब्यात असताना मेलं होतं. आणि मी जळतो हे घरात बायकोला माहीत, मेव्हणीला माहीत, आणि मामांना माहीत नसेल असं समजायला ते काही दूधखुळे नव्हते. सगळे काय म्हणणार? मामा मला काय म्हणणार? काही म्हणणार नाहीत. ‘असो, जावईबापू’ म्हणतील आणि आयुष्यभर माझ्याकडे त्या नजरेने बघतील.

मी ते प्रेत चिमट्याने काढलं. हाताला अगदी हलकं लागलं. मरून झिजलं असेल, म्हटलं. कागदात गुंडाळून टाकून दिलं आणि शनिवारी दुकान अर्धा दिवस मामांवर सोपवून खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान गाठलं. तिथे मुकादमाचा सख्खा भाऊ शोभेल असा एक होता, फक्त थोडा जास्त लालसर.

‘टाकी मोकळी आहे ना?’ दुकानदार म्हणाला. ‘हे दोन एकत्र राहत नाहीत.’

‘मोकळी म्हणजे अगदी मोकळी,’ मी म्हणालो.

त्याने सांगितल्याप्रमाणे पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत बसलो. जन्मात कुठल्या कवळीसाठी एवढा धीर धरला नव्हता. मग सोडला. तो सरळ तळाशी गेला, कोपऱ्यात दबा धरून बसला आणि एक डोळा माझ्यावर रोखला. ‘नीट वाग,’ मी त्याला म्हणालो. ‘तू मुकादम आहेस.’

रविवारी मामा जिना चढून आले. प्रत्येक मजल्यावर थांबले, पण चेहरा असा की लग्नालाच निघालेत. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, चष्मा पुसला आणि वाकले.

‘अरे वा! बाहेर आला! इतक्यात कात टाकून झालीसुद्धा?’

‘कात?’ मी म्हणालो.

‘म्हणजे काय! धाकट्या जावयाने सांगितलं नाही तुम्हाला? अंगावरचं कवच छोटं झालं की बिळाचं दार लावून घेतो. जुनं कवच सोडतो आणि बाहेर लोटून देतो, अख्खंच्या अख्खं, डोळ्यांसकट. बघणाऱ्याला वाटतं हाच मेला. मग नवं कवच टणक होईपर्यंत आत लपून बसतो, कारण तोपर्यंत बिचारा मऊ असतो...’

मामा बोलत होते आणि मी बिळाकडे बघत होतो. तोंडावरचे खडे विस्कटलेले होते. नवा गडी बिळासमोर उभा होता आणि आतून काहीतरी मागे मागे ओढत होता. आधी शेपटी आली. हिरवी, निळी, ओल्या साबणासारखी गुळगुळीत. मग सगळा मुकादम आला. एका बाजूने पार चेचलेला, आता खरोखरच मेलेला.

मामांनी दोघांकडे पाहिलं.

‘हा कोण?’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. काय सांगणार, सगळं सांगितलं. मेलेला वाटला, घाबरलो, दुसरा आणला. ‘कुणी मला नीट सांगितलं असतं तर...’ असंही म्हणून पाहिलं, पण ते वाक्य माझं मलाच ऐकवेना. आनंद झाला होता तेवढं मात्र बोललो नाही.

मामा ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ते ओरडले नाहीत. उठले, टाकीमागचा लांब चिमटा घेतला आणि बाही वर सारली. ‘मुकादमाला बाहेर काढू या,’ म्हणाले. ‘हा नवा त्याला खाऊन टाकेल.’

चिमटा पाण्यात गेला आणि थरथरायला लागला. टोकं मुकादमाच्या शेजारी वाळूत रुतली. पुन्हा नेला, पुन्हा बाजूला. नव्या गड्याने चिमट्यावर सोटा हाणला, ठक्क, आणि मामांच्या हातून तो जवळजवळ सुटलाच. मला बघवेना. मी हात पुढे केला, जसा दुकानात करतो तसाच.

‘द्या मामा इकडे. मी काढतो.’

त्यांनी चिमटा सोडला नाही. मी हळूच ओढला. त्यांनी गच्च धरून ठेवला.

‘सोडा!’ ते ओरडले. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ‘इथंही तुम्हीच? इथं तरी मला राहू द्या!’

मी चिमटा सोडला.

‘दात बसवायचं काम घेतलंत, काही बोललो नाही,’ ते म्हणाले. डोळे टाकीवरच होते. ‘मेणाचं कोरीव काम घेतलंत. आता पॉलिशही तुम्हीच करता. मी पत्र्याच्या डब्यात माल भरतो आणि डॉक्टरांचे फोन घेतो. बरोबरच आहे. तुमचे हात चांगले आहेत. माझे चांगले होते तेव्हाही एवढे नव्हते. दिवसभर शेजारी बसून बघतो मी ते हात. काय वाटतं माहितीये? जळतो मी. ज्याला स्वतः शिकवलं त्याच्यावर जळतो. घरी आलो तुमच्याकडे, की पुन्हा तेच, आजची कवळी अशी केली आणि तशी केली. इथे येतो ते एवढ्यासाठी, की इथे मला कुणी काही करायला सांगत नाही. टाकीशी बसलं की झालं.’

इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या एका संध्याकाळसाठी तडफडत होतो, तो माझ्यापासून पळून इथे येत होता. साडूसाठी नाही, मुकादमासाठी नाही. माझ्यापासून. आणि खरं सांगतो, त्यातही एक हलकट क्षण असा आला की मला बरं वाटलं. मामा माझ्यावर जळतात! मामा, माझ्यावर! मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते बरं वाटणं तिथेच विरलं.

‘धाकट्याला मी सांगेन,’ मामा म्हणाले. ‘तुम्ही बसा.’

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी चिमटा पुन्हा पाण्यात घातला. टोकं मुकादमाच्या पाठीला लागली, घसरली, परत लागली. कुठे धरायचं हे मला दिसत होतं, मनगट कसं वळवायचं हेही दिसत होतं, आणि माझी बोटं आपोआप तशी वळत होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ते पुन्हा चुकताना बघत राहिलो.