निमिषाचा अर्थ

माघातली सोनपिवळी, स्निग्ध सायंकाळ. कृष्णेच्या संथ पाण्यावरून निघालेलं ऊन खिडकीशी आलं, गज ओलांडून आत आलं, आणि त्र्यंबकमास्तरांच्या निश्चल, निःशब्द मुखावर टेकलं.

पक्षाघातानं मास्तरांची वाणी नेली, हात नेले, पाय नेले. डोळे तेवढे छताकडे लागलेले. पापण्या उगीच अधूनमधून लवत. आत मास्तर आहेत की नाहीत, डॉक्टरांनाही सांगता येईना. त्यांच्या पत्नीला, वत्सलाबाईंना, तेवढंच हवं होतं: आहेत की नाहीत.

जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस! चंचलतेचे, वेगाचे शब्द त्यांचे भारी लाडके. वाट व्यापून टाकतो तो अश्व, म्हणायचे. झरझर जातो तो आशुग. वाराही आशुग, बाणही आशुग. चमकून पळते ती चपला, म्हणजे वीज. आणि सतत सरत राहतो तो संसार, वत्सले, संसार! बाई हसायच्या आणि भाजीला फोडणी द्यायच्या. केवढं ते बोलणं, आणि केवढी ही शांतता!

आता तेच शब्द बाई त्यांना रोज ऐकवत. आज जीव थकला होता. भलतंच तोंडून गेलं.

"आणि निमिष म्हणजे नेमून दिलेला वेळ. हो ना?"

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

वर्गात चुकीचं उत्तर कानी आलं की ते अस्सेच डोळे मिटत. कपाळावर तीच आठी! बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी पुन्हा तेच चुकीचं सांगितलं. डोळे पुन्हा घट्ट मिटले. मग बरोबर सांगितलं, "पापणी लवायला लागतो तेवढा वेळ."

डोळे उघडेच राहिले. थेट बाईंकडे पाहत राहिले.

आहेत! अगं बाई, आहेत! आनंदानं त्या ताडकन उठल्या आणि उभ्या जागी गोठल्या. अंगातलं रक्त, हर्षाचं, उष्ण, उसळतं रक्त, एकाएकी थंडगार झालं. सकाळीच मुलगा घरी आला होता. याच पलंगाशी उभ्या राहून त्या त्याच्याशी बोलल्या होत्या.

"अहो," त्या पलंगाशी वाकल्या. "तुम्ही... तुम्ही तेव्हा ऐकत होतात? मी श्रीरंगला म्हणाले, 'हे कधीच गेले रे. आत कुणी उरलं नाही.'"

मास्तरांनी डोळे मिटले. घट्ट, घट्ट मिटले. मिटल्या कडांतून पाणी आलं, सुरकुतीशी थबकलं, कानशिलावरून ओघळलं, आणि उशीच्या अभ्र्यात हळूहळू, हळूहळू जिरत गेलं.