खिडकीकडे उजवा गाल

नखाएवढं ते कॅमेऱ्याचं कार्ड काउंटरच्या काचेवर पडलं होतं, निळं, एका कोपऱ्यात कापलेलं, आणि दुकानदारबाई सांगत होत्या की यावर तीन हजार फोटो मावतात. तीन हजार, त्यानं मनात म्हटलं, आणि मला हवेत किती... एक, फार तर दोन, आणि तेही आज दुपारी चारच्या आत. चारला बायकोला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. उद्या सकाळची पहिलीच शस्त्रक्रिया तिची होती. उजव्या बाजूचा खालचा जबडा. अर्धं हाड काढायचं आणि त्या जागी पायाच्या हाडाचा तुकडा बसवायचा, असं सर्जननं चिठ्ठीच्या पाठीवर पेननं काढून दाखवलं होतं, चपलेचा पट्टा कसा बदलायचा ते दाखवावं इतक्या सहज. चेहरा थोडा बदलेल, सर्जन म्हणाला होता. थोडा म्हणजे किती, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोनं विचारलं होतं, "घरचा डबा आणलेला चालतो का तिथं?"

"घरासाठी हवाय म्हणालात," दुकानदारबाई म्हणाल्या. साठीच्या असाव्यात, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "कसले फोटो काढणार? सहली, वाढदिवस? मुलं केवढी आहेत?"

"एक मुलगी. नोकरी करते."

"म्हणजे घरात पळणारं कुणी नाही. सुटलात. पळणाऱ्यांचे फोटो काढणं सगळ्यात अवघड."

त्यानं खिशातून कागद काढला. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानं या कागदावर आकडे उतरवले होते — चोवीस, बत्तीस, पंचेचाळीस, आणि प्रत्येकापुढे मेगापिक्सेल, शाळेतल्या मुलासारखं नीट अक्षरात. हे शिकून घेतलं तर काहीतरी हातात येईल असं त्याला का वाटत होतं कोण जाणे. डॉक्टरांच्या कागदांवरचं त्याला काही कळत नव्हतं, विचारलं की नवीनच शब्द समोर येत होते. इथं निदान आकडे होते आणि मोठा आकडा चांगला होता.

"सगळ्यात मोठ्या आकड्याचा द्या," तो म्हणाला.

"आकड्यावर जाऊ नका, भाऊ." त्यांनी एका कॅमेऱ्याचं भिंग काढून आतला भाग त्याच्यासमोर धरला. आत एक चकचकीत चौकोन होता, टपालाच्या तिकिटाएवढा. "हा उजेड पकडतो. आकडा म्हणजे यावर किती ठिपके बसवलेत. आता खोली तेवढीच ठेवून तुम्ही माणसं वाढवत गेलात तर काय होईल? कोंबाकोंबी. एकेकाच्या वाट्याला उजेड कमी. मग घरात, ट्यूबलाइटखाली फोटो काढला की सगळ्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. म्हणून आधी चौकोन किती मोठा ते बघा. आकडा नंतर."

त्यानं मान हलवली. उजेडाचं त्याला सांगायला नको होतं. तेवीस वर्षं तो कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभा होता; खालून दिवे, वर तिरकी काच, काचेवरून कापड सरकत जायचं आणि सरकत्या कापडात त्याला दिसायचं... सुटलेला उभा धागा, दुहेरी पडलेला आडवा धागा, तेलाचा मोहरीएवढा डाग. खडूची खूण केली की कापड पुढं. नवीन पोरं कापड थांबवून, बोटं फिरवून शोधायची, आणि तो चालत्या कापडावर पलीकडच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत खूण करायचा. म्हणून त्याला घार म्हणायचे. घार आली, आता लपवा रे सगळं — मशीनवरचे हसायचे, आणि त्याला बरं वाटायचं, घरी येतानासुद्धा बरं वाटत राहायचं, आणि घरी येऊन तो ताटावर बसायचा, समोर ती बसायची, चार फुटांवर, वर दिवा, आणि मला दिसलं नाही. मला. ती डाव्या बाजूनं चावत होती. पोळीचे तुकडे बारीक बारीक करत होती, आधी नव्हती करत. दाढ दुखतेय म्हणाली एकदा, आणि मी म्हणालो, मग काढून टाक, दाढेचं काय एवढं... वर न बघता म्हणालो. हातात फोन होता की वाटी, तेही आता आठवत नाही.

"ताई, एक दाखवू?" त्यानं फोन पुढं केला. "हे मोठं करता येईल?"

फोटो सात महिन्यांपूर्वीचा होता. मुलगी पहिल्यांदा कामावर निघाली त्या सकाळचा, जिन्यातला. मुलगी पुढं, खांद्याला बॅग, आणि दोन पायऱ्या वर तिची आई, पदराला हात पुसत हसताना. जिन्याच्या झरोक्यातून उजेड नेमका तिच्या उजव्या गालावर आलेला. दुकानदारबाईंनी तो संगणकावर घेतला. पडद्यावर बायकोचा चेहरा एकदम ताटाएवढा झाला.

"अजून मोठा करा. हा गाल. इथं, जबड्याच्या वर."

त्यांनी केला. गाल फुटला. कातडीच्या जागी चौकोन आले, फिके, पिवळट, करडे, एकाला एक चिकटलेले, आणि त्यांत कुठं फुगवटा होता की सावली होती की काहीच नव्हतं, ते घारीलाही कळेना.

"हा मेसेजवरून आलेला दिसतोय," बाई म्हणाल्या.

"मुलीनं पाठवला होता."

"तेच. पाठवताना फोन फोटो आवळतो. आवळायचा तर काहीतरी टाकावं लागतं, मग जे तुमच्या लक्षात येणार नाही असं त्याला वाटतं ते तो टाकून देतो. मूळ फोटो असेल मुलीकडे?"

"तिचा तो फोन बसमध्ये गेला."

"मग आहे हा एवढाच."

"साफ करता येत नाही? ऐकलंय, हल्ली साफ करून देतात."

"देतील की. गुळगुळीत गाल करून देतील. पण तो मशीननं मनानं भरलेला असेल, त्यांचा नसेल." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघितलं. "नक्की काय शोधताय, भाऊ?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नातेवाईक विचारत होते कुठलं हॉस्पिटल, कुठला सर्जन, दुसऱ्याचं मत घेतलंत का. तो म्हणाला, "तेव्हा गाठ होती का ते." आणि मग बोलतच गेला, सपाट आवाजात, कुणा तिसऱ्याची तक्रार लिहून घ्यावी तसा: उद्याची शस्त्रक्रिया, जबडा, पायाचं हाड, आणि सर्जननं विचारलं होतं हे कधीपासून आहे, तर दोघंही एकमेकांकडे बघत राहिली होती. "सात महिन्यांपूर्वी आलो असतो तर, तुकडा लहान काढावा लागला असता. कदाचित. तसं ते म्हणाले नाहीत. मीच म्हणतोय."

दुकानदारबाईंनी पडद्यावरचा फोटो बंद केला. होईल सगळं ठीक, असंसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल त्याला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी काउंटरवरचा मोठा कॅमेरा उचलून आत ठेवला आणि दुसरा काढला, साधा दिसणारा.

"हा न्या. आतला चौकोन मोठा आहे आणि तुम्हाला फार शिकावं लागणार नाही. फ्लॅश लावू नका, चेहरा पापडासारखा सपाट होतो. खिडकीजवळ बसवा. अगदी जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं येतं. थोडं लांब उभं राहा आणि भिंग पुढं आणा." पिशवीत घालता घालता त्या थांबल्या. "आजचा फोटो चांगला येईल. सात महिन्यांपूर्वीचा मात्र आता कुठल्याच कॅमेऱ्यातून मिळायचा नाही. तो नाद सोडा."

घरी आला तेव्हा एक वाजून गेला होता. मुलगी कामावरून थेट हॉस्पिटलात येणार होती, त्यामुळे घरात बायको एकटीच. ती ओट्यापाशी उभी राहून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मीठ. साखर. मिठाच्या डब्यावर मीठ असं लिहिलेलं बघून त्याला रडूच यायला लागलं.

"मीठ मला कळतं गं."

"परवा चहात कोणी घातलं होतं?" ती म्हणाली. शब्द थोडे घासत येत होते. जीभ उजवीकडे नीट वळत नव्हती. "हे काय आणलंत?"

"कॅमेरा."

ती पिशवीकडे बघून पुन्हा ओट्याकडे वळली. तो कशासाठी ते तिला कळलं, हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं. तिनं उरलेली चिठ्ठी चिकटवली, अंगठ्यानं घट्ट दाबली. "या अवतारात? केस तरी विंचरू द्या."

विंचरून आली, ठेवणीतली नाही पण इस्त्रीची साडी नेसून आली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, पासपोर्टच्या ऑफिसात बसावं तशी. तो लांब उभा राहिला. भिंग पुढं आणलं. मागच्या पडद्यावर ती दिसायला लागली आणि त्यानं कोपर कपाटाला टेकवलं.

"खिडकीकडे उजवा गाल कर जरा."

तिनं केला. त्यानं एक काढला, दुसरा काढला, पाच-सहा काढले.

"चांगली बाजू सोडून हीच का घेताय?" ती म्हणाली.

"उजेड..."

"खुर्ची फिरवली की तिकडेही येतोच उजेड."

तो शेवटचा फोटो पडद्यावर मोठा करत होता, अंगठा आपोआपच चालत होता, मोठा, अजून मोठा, आणि हा फुटत नव्हता. बाईंनी बरोबर दिला होता कॅमेरा. कानाजवळची मऊ लव दिसत होती, लहानपणी देवी टोचल्यासारखा हनुवटीवरचा खळगा, ओठाच्या कोपऱ्यातली कोरडी भेग, आणि जबड्यावरचा तो फुगवटा, कातडी ताणून किंचित चमकणारी, कडा कुठं सुरू होते कुठं संपते सगळं स्वच्छ... टेबलावर कापड आल्यासारखं. आणि त्याच्या लक्षात आलं, आपण बायकोचा फोटो बघत नाही आहोत. आपण खूण करायला जागा शोधतोय. एवढी कडा व्हायला किती महिने लागतात, पाच की सात की नऊ, तो मोजत होता.

"सापडलं?" तिनं विचारलं.

ती त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"मला दिसायला हवं होतं," तो म्हणाला. "रोज समोर बसत होतीस. माझं कामच ते... सगळ्या कारखान्यात माझ्याइतका..."

"मी रोज आरशात बघत होते," ती म्हणाली. "माझा गाल. मला तरी कुठं दिसलं?"

यानं त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट ती आरशासमोर उभी, कुंकू लावताना, आणि तो मागं दाढीचा फेस कालवत, अशी सकाळ डोळ्यांसमोर आली, दोघंही एकाच आरशात, आणि कुणालाच काही नाही... आपल्याला कुणीतरी दोषी धरावं यासाठी तो धडपडत होता, आणि दोषी धरायचा हक्क असलेली ती तर उठून त्याच्याकडे येत होती.

"आणा इकडे," ती म्हणाली. "कसं दाबायचं?"

त्यानं दाखवलं.

"बसा तिथं. खुर्चीत."

"माझा कशाला?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. खुर्ची अजून तिच्या अंगानं कोमट होती. ती कॅमेरा दोन्ही हातांत धरून, खाली पडद्याकडे बघत बोलली, सावकाश, एकेक शब्द जिभेवर बसवत. "माझा चेहरा कसा होईल ते होईल. मला तो दिवसभर दिसणार नाही, आरसा बघेन तेवढाच. पण तुमचा दिसत राहील. घरी आले की तुम्ही माझ्याकडे बघाल, आणि काहीतरी होईल तुमच्या तोंडावर. तुम्ही लपवाल, पण मला दिसेलच." ती थांबली. आवंढा गिळणं तिला जड जात होतं. "आज कसे बघता ते ठेवून द्यायचंय मला. बघा इकडे."

त्यानं बघितलं. आणि त्याला कळेना की कसं बघायचं. सव्वीस वर्षं तिच्याकडे बघताना आपल्या तोंडावर काय असतं याचा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. दुसऱ्यांच्या तोंडावरचं त्यानं पाहिलं असेल, स्वतःच्या नाही. त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि ते खोटं आहे हे गालांनाच कळलं. मग माया आणायचा प्रयत्न केला, जशी काही ती खिशातून काढायची वस्तू होती. आणि हे चाललं असताना डोळे घसरले, तिच्या डाव्या बाजूला, चांगल्या बाजूला, तिथं जाऊन थांबले.

"तिकडे नाही," ती म्हणाली. रागानं म्हणाली नाही.

त्यानं डोळे परत आणले. तिच्या डोळ्यांवर, मग नाकाच्या शेंड्यावर, मग उजवीकडे. मी घाबरलोय, त्याला वाटलं, आणि हे तिला दिसतंय, हेच ती ठेवून देणार. हेच का असतं माझ्या तोंडावर? की हे फक्त आजचं? विचारावं तर तिलाच विचारायला हवं, तिच्याशिवाय ते कुणी बघितलेलं नाही... आणि ते विचारण्याची हिंमत त्याच्यात नव्हती. त्यानं चेहरा सावरायचं सोडून दिलं. मांडीवरचे हात कुठं ठेवायचे तेही सोडून दिलं. तो नुसता बघत राहिला, गालासकट, मोजायचं नाही असं स्वतःला बजावत, आणि तरी मधूनच मोजत, पुन्हा स्वतःला आवरत. ती अजून दाबत नव्हती. चार वाजायला अवकाश होता आणि ती घाई करत नव्हती, आणि तिला नेमकं काय दिसायची वाट आहे हे न कळून तो तिच्या नजरेसमोर बसून राहिला, आयुष्यात पहिल्यांदा, उजेडाच्या दुसऱ्या बाजूला, जिथं कापड असतं.