बोर्डावरचं शून्य

मी रांग बोलतेय. रेशनच्या दुकानापुढची नव्हे. अंधेरीच्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधली, निरोपांची रांग. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर मागवणाऱ्यांचे निरोप मोबाइलवरून येऊन माझ्यात थांबतात. पुढचा प्रोग्राम ते एकेक उचलतो आणि गाडीवाल्याला पत्ता देतो.

सुरुवातीला मला या कामाचा अभिमान होता. आता किळस येते.

प्रोग्राम लिहिणारे धरूनच चालले की प्रत्येकाच्या घराला फ्लॅट नंबर असतो. नंबर नसला की निरोप परत माझ्यातच ढकलला जातो. चाळीतले, कोळीवाड्यातले निरोप साचत राहतात. मग संध्याकाळी, रिपोर्ट वर जाण्याआधी, ऑफिस सांभाळणारे कृणालसाहेब एक बटण दाबून मला रिकामी करतात. भिंतीवरच्या बोर्डावर, थांबलेल्या निरोपांच्या आकड्यापुढे, शून्य येतं. "झकास!" म्हणून ते चहा मागवतात. शिसारी येते मला त्या चहाची.

शीतल नवीनच लागली होती. तिने विचारलं, "सर, फेकण्याआधी आत काय आहे ते वाचतं का कुणी?"

"वाचायला गेलीस की निरोप बाहेर निघतो गं. आणखी घोळ."

"उचलायचा नाही, नुसतं डोकवायचं. पायथनमध्ये होतं ना, छोटंसं काम आहे."

तिने तसा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली आणि पहिल्यांदा कुणीतरी मला वाचलं. कोळीवाड्यातल्या मथुराबाईंचा एकच निरोप सकाळपासून पुन्हापुन्हा आला होता: 'नानांचा सिलिंडर संपत आला. लवकर पाठवा.'

शीतलने फोन लावला. "मावशी, घर नंबर सांगा."

"नंबर कसला गो बाय? बोंबील सुकत घालतात त्याच्या मागं. नानाचं घर कुणीपण दाखवील. लवकर कर, ओठ निळे पडलेत त्याचे!"

"आधी बोर्ड शून्य कर," कृणालसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

शीतलने ऐकलं नाही. तिने थेट गाडीवाल्या विशालला पाठवलं. नाना वाचले. मथुराबाईंचा फोन आला, "तुझ्या साहेबाला सुके बोंबील पाठवते. नंबर घालून!"

वाटलं, आता तरी सुधारतील. पण कृणालसाहेबांनी शीतलच्याच स्क्रिप्टमध्ये खाली एक ओळ घातली: संध्याकाळी सगळं फेक. आता बटणही दाबावं लागत नाही. मोठ्या साहेबांनी शून्य पाहून टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून शीतल एका हाताने डबा खाते, दुसऱ्या हाताने मला वाचते आणि राहिलेल्यांना फोन लावते.

आज ती रजेवर आहे. संध्याकाळ होत आलीय. माझ्यात निरोप थांबलेत.

कुणीतरी वाचा हो.