महादेवरावांची अर्धी काठी

मी एक जुनी काठी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच आहे. माझी मूठ शाबूत आहे, खालचा भाग जळून गेलाय, आणि जे उरलंय त्याने माझ्या मालकांच्या पत्नी कौसल्याबाई चुलीतली लाकडं आत सारतात. हसू येतंय ना? हसा, हसा. नागपुरात मला पाहून पुष्कळ लोक हसलेत, तुम्ही काही पहिले नाही.

मित्रांनो, माझा जन्म पारशिवनीकडच्या जंगलात झाला. जात तेंदूची, काळी आणि चिवट. जंगलाखालच्या गावाला नदी आडवी होती आणि नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात लोक जीव मुठीत धरून पलीकडे जात. एका वर्षी भर पुरात एक बैलगाडी उलटली आणि लाकूडतोड्या धोंडबाची बायको वाहून गेली. तिला धरायला गावच्या महादेवरावांनी उडी टाकली. ती हाती लागली नाहीच, वर त्यांचा पाय दगडांत सापडून कायमचा मोडला. धोंडबाने बायकोचे दिवस केले, आणि मग जंगलात जाऊन मला तोडलं. तासलं, घासलं, तेल पाजलं आणि महादेवरावांच्या हातात दिलं.

"दादा, माह्या बायकोपायी तुमचा पाय गेला," तो म्हणाला. "आता हा पाय घ्या."

महादेवरावांनी मला जमिनीवर रोवलं आणि म्हणाले, "धोंडबा, या नदीवर पूल झाल्याबिगर मी मरत नाही." माणसं अशी बोलतात आणि विसरतात. हा बुवा विसरला नाही, आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं.

पुढे ते खासदार झाले. माझी टकटक ऐकू आली की लोक म्हणायचे, काकाजी आले. सभेत ते मला उंच धरत आणि टाळ्या पडत. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची. टाळ्या माझ्यासाठीच आहेत असं मला वाटायचं. लाकूडच ते, त्याला अक्कल किती असणार!

दिल्लीत मात्र आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. महादेवराव मागच्या बाकावर बसायचे, दर अधिवेशनात पुलाचं बोलायचे. मंत्री मान हलवायचे, चहा पाजायचे आणि दाराशी येऊन निरोप द्यायचे. महादेवराव म्हातारे झाले, छातीचं दुखणं लागलं, नदी होती तशीच राहिली.

मग एकोणऐंशी साल आलं. आधीचं सरकार पडलं आणि त्या जागी अल्पमतातलं सरकार बसलं. मित्रांनो, अल्पमतातलं सरकार म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःचे पुरेसे खासदार नाहीत असं सरकार. एका मोठ्या पक्षाने बाहेरून आधार दिला होता, त्यावर ते उभं होतं. लंगड्या माणसाला काठी, तसं. फरक एवढाच की माझ्यासारखी काठी आपण होऊन बाजूला होत नाही. आता लोकसभेत विश्वासाचं मत घ्यायचं होतं आणि एकेका खासदाराची ओढाताण चालली होती. ज्यांनी कधी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पायऱ्या झिजवू लागले.

त्यांतला गिरिधर हा तर घरचाच. काकाजींच्या पंक्तीला जेवून मोठा झालेला कार्यकर्ता, पांढराशुभ्र कुडता, जिभेवर साखर. महादेवराव खाटेवर पडलेले होते. उठून बसले तरी धाप लागायची. प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

"काकू, फक्त एक बटन दाबायचं हाय," गिरिधर म्हणाला. "विमानानं नाही, गाडीत झोपवूनच नेतो. मंत्रीसाहेबांनी कबूल केलं हाय, काकाजींचं मत आणि तुमचा पूल."

"बटन दाबाले माणूस पाह्यजे का नुसतं बोट?" कौसल्याबाई कडाडल्या. "बोट पाह्यजे असन त कापून ने. माणूस राहू दे घरी."

गिरिधर हसला. असल्या माणसांना शिव्या लागत नाहीत.

"कौसल्ये," महादेवराव म्हणाले, "इतके वर्षं मी पूल मांगून राहिलो, कोनी कान नाही देल्ला. आता माह्या एका मतावर सरकार टांगलं हाय. आता नाही त कधीच नाही."

"आन् तुमाले काही झालं म्हंजे?"

"पूल झाल्याबिगर मी मरत नाही, मालूम हाय ना तुले?"

बाईंनी वळकटी बांधली आणि स्वतःही निघाल्या. नवऱ्याला गिरिधरच्या भरवशावर सोडायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

दिल्लीत सभागृहाच्या दारावर शिपायाने आम्हाला अडवलं. काठी आत न्यायला अध्यक्षांची परवानगी लागते, तसा तिथला नियमच आहे. दर वेळी महादेवरावांचा अर्ज आधीच जायचा. या वेळी तो गिरिधर देणार होता आणि तो विसरला होता.

"आना इकडे," म्हणत त्याने मला काकाजींच्या हातातून घेतलं. "कचेरीत दाखवतो, चिठ्ठी आनतो. तुमी बसा."

महादेवराव दाराजवळच्या बाकावर बसले, शेजारी कौसल्याबाई. मी गिरिधरच्या हातात. आम्ही लांबलचक व्हरांडा अर्धा चाललो असू, तेवढ्यात समोरून माणसं धावत आली. मोठ्या पक्षाने पाठिंबा काढला होता. पंतप्रधान सभागृहात आलेच नाहीत, राजीनामा देऊन मोकळे झाले. मत घ्यायचं कारणच उरलं नव्हतं.

गिरिधर जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता हा मागे फिरेल, काकाजींना सांगेल, माझी मूठ त्यांच्या हातात देईल. त्याने मला काखेत मारलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडला. नागपूरची गाडी पकडायची होती ना! निवडणुका तोंडावर येणार, कोणत्या पक्षात जायचं याचा विचार त्याच्या डोक्यात आधीच सुरू झाला होता.

महादेवराव त्या बाकावर बसूनच राहिले. "येते माही काठी, येते आता," असं शिपायाला सांगत. हे मला पुढे कौसल्याबाईंच्या तोंडून कळलं.

नागपुरात आल्याबरोबर गिरिधरने पक्ष बदलला. आता त्याला तिकीट पाहिजे होतं आणि तिकिटाच्या वाटेत म्हाताऱ्याचं नाव आडवं येत होतं. ते पुसायला त्याला मुहूर्तही झकास सापडला. पोळा आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत बडगे असतात. ज्याचा राग आला त्याचा गवता-कागदाचा पुतळा करायचा, गावभर फिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळायचा. रोगराई जावी, पीडा जावी म्हणून ही रीत. गिरिधरने महादेवरावांचा बडग्या केला. गळ्यात पाटी होती, 'पूल विकणारा म्हातारा'.

पण नुसत्या पाटीवर लोक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून त्याने धोंडबाला बोलावलं आणि मला पुढे केलं.

"पाह्य धोंडबा, तू देल्लेली काठी. दिल्लीत कचऱ्यात टाकून देल्ली काकाजीनं. मंत्र्याची मोटार भेटली ना आता, काठी काहून पाह्यजे? पूल-बील सब खोटं."

धोंडबाने मला हातात घेतलं, मुठीवरून अंगठा फिरवला. मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर! मला त्याच्या हातांची ओळख होती, त्याला माझी ओळख होती, आणि तरी त्याला खोटंच खरं वाटलं. तो रडला. मग त्याने स्वतःच्या हाताने मला त्या पुतळ्याच्या मुठीत सुतळीने करकचून बांधलं.

इतवारी बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी पुतळ्याच्या हातात उंचावर होते. ढोल वाजत होते, लोक मला ओळखून हसत होते. अरे, काकाजींचीच काठी दिसते! टाळ्याही पडल्या. त्याच लोकांच्या टाळ्या.

आणि तिथे मला ते दिसले. स्टेशनवरून येणारी एक सायकलरिक्षा गर्दीत अडकली होती. आत महादेवराव होते, कौसल्याबाईंच्या खांद्यावर मान टाकून. त्यांनी पुतळा पाहिला, पाटी वाचली आणि मग मला पाहिलं.

"कौसल्ये, माही काठी," ते म्हणाले. बस, एवढंच.

गिरिधरने त्यांना पाहिलं. मी शपथेवर सांगते, नजरेला नजर भिडली. त्याने तोंड फिरवलं आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "घेऊन जा गे मारबत!"

कौसल्याबाई गर्दीत घुसल्या. त्या पोचेपर्यंत पुतळा खाली उतरवून पेटवला होता.

"धोंडबा, काठी दे गा! ते रिक्षात हायेत, त्याहिले उतरता येत नाही."

"पूल इकून आले, आता काठी पाह्यजे का?"

"कोनं इकला? दारावर बसून व्हते ते तुह्या काठीची वाट पाहत! गिरिधर घेऊन पयाला. मी होती ना तेथी, माह्या डोयानं पायलं!"

धोंडबाने गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर तिथे नव्हताच. मग त्या वेड्याने दोन्ही हात जाळात घातले. सुतळी जळून तुटली आणि मी बाहेर आले, अर्धी. त्याच्या तळव्यांची कातडी माझ्या मुठीला चिकटली होती.

त्याने मला रिक्षापाशी नेलं. महादेवरावांनी मूठ धरली, पाय खाली सोडला आणि मला जमिनीवर टेकवायला गेले. मी जमिनीपर्यंत पोचलेच नाही. ते तोंडावर पडले. बाजूची पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं, हाही एक बडग्याच.

महादेवराव त्यानंतर उठले नाहीत. त्याच संध्याकाळी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरत होती, तेव्हा घरात ते गेले. पूल झाला नव्हता.

निवडणूक आली तेव्हा गिरिधर आमच्या दारात उभा राहिला, हात जोडून. काकाजींचा फोटो घेऊन फिरत होता आता. "काकू, तुमचा पाठिंबा पाह्यजे."

कौसल्याबाईंनी मला चुलीतून काढलं आणि टोकाच्या निखाऱ्यासकट त्याच्यापुढे धरलं. "घे पाठिंबा. तुह्या जाळातून एवढाच उरला."

तो मागे सरला. पांढऱ्या कुडत्याला काजळी लागू नये म्हणून. आणि सांगू? तो निवडून आला. नदीवर अजून पूल नाही, आणि धोंडबाच्या हातांना आता कुऱ्हाड धरता येत नाही.

म्हणून मित्रांनो, या अर्ध्या काठीची एक विनंती आहे. ज्याच्यावर भार टाकून चाललात, त्याला काम संपल्यावर जागच्या जागी नेऊन ठेवा. तेवढी माया नसेल, तर निदान पुरतं जाळा. अर्धवट सोडू नका. मला रोज चुलीत घालतात, आणि रोज मला महादेवरावांचा हात आठवतो.