राखणीचा नारळ

आत्माराम भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वाऱ्यानं माड वाकत होते, समुद्र काळवंडला होता, आणि अख्खं भाट्ये गाव एका माणसाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे टक लावून बसलं होतं. बसणारच! गेले दोन महिने हा भगत घरबसल्या सांगायचा, "धोंडूची होडी खाडीच्या तोंडाशी आली," आणि अर्ध्या तासात धोंडू हजर. अट एकच. भगतानं मंतरलेला, लाल फडक्यात शिवलेला राखणीचा नारळ विकत घेऊन होडीवर बांधायचा.

निलेशची होडी काल सकाळीच परतायला हवी होती. होडीवर तो आणि त्याचा चुलता भिकाजी, दोघंच. नारळ बांधलेला होताच.

भगत देवघरात जाऊन आला. त्यानं बुबुळं फिरवली, दोन हुंकार दिले.

"दिसली! दीपगृहासमोर, सहा मैलांवर. दर्याची आई तिला पदराखाली घेऊन बसल्येय. पण खबरदार! तटरक्षकवाल्यांना कळवलंत तर राखण तुटंल. मग मला बोल लावायचा नाय!"

निलेशची बायको वेदिका हिला तो आकडा खटकला. काल सकाळीही सहा मैल होते आणि संध्याकाळीही सहाच. काल तिनं दोनदा फोन उचलला होता, आणि दोन्ही वेळा सासूनं, गंगुबाईनं, तो काढून घेतला होता. "गप ऱ्हा गो. माझा पोर हाय, दीर हाय त्या होडीत. राखण तुटली तर?" सासूच्या डोळ्यांतलं पाणी बघून वेदिका गप्प राहिली होती. ते गप्प राहणं आता तिला खायला उठलं.

वेदिका पालीला आंब्याच्या ट्रकांच्या ऑफिसात नोकरी करायची. दिवसभर पडद्यावर ट्रकांचे ठिपके बघायचे, हेच तिचं काम. आंबा घाटात ठिपका थांबला की नवीन माणूस घाबरतो, गाडी बंद पडली म्हणतो. गाडी चालूच असते, रेंज गेलेली असते. आणि असल्या वाऱ्यात होडी दीड दिवस जागची हलत नाही?

ती ताडकन उठली आणि खाडीकडे चालू लागली. लोक मागोमाग धावले, त्यांच्यात भगतही. काठाला लागलेल्या धोंडूच्या होडीवरचा नारळ तिनं होडीतल्याच कोयत्यानं तोडून घेतला.

"अगो वयनी, माझा संसार बुडवतेस काय!" धोंडू किंचाळला.

तिनं नारळ खडकावर आपटला. आत खोबरं नव्हतंच. काड्यापेटीएवढी काळी डबी होती, आणि तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही भगताची दिव्यदृष्टी," वेदिका म्हणाली. "आमच्या प्रत्येक ट्रकात असते. वर उपग्रह फिरतायत, ते सारखी वेळ पाठवतात. चार उपग्रहांची वेळ पोचायला किती उशीर लागला, त्यावरून डबी आपली जागा काढते. पण आपण कुठे आहोत हे त्या उपग्रहांना ठाऊक नसतं. भगताच्या मोबाइलवर कळवायला आत सिमकार्ड आहे, आणि त्याला रेंज लागते. रेंज सहा मैलांवर संपली. हा माणूस कालपासून देवघरात बसून जुना ठिपका वाचतोय! होडी तिथं नाहीये!"

सगळे वळून बघतात तो भगत पसार. तटरक्षकांची त्याला एवढी भीती का, ते आता उघड झालं. होडी तपासली असती, तर नारळही तपासला गेला असता.

गंगुबाईनं कनवटीचा फोन काढून सुनेच्या हातात ठेवला. "लाव गो. लवकर लाव."

तटरक्षकांना होडी त्याच संध्याकाळी समुद्रात तीस मैल आत सापडली. इंजिन बंद, वायरलेस बंद. निलेश एकटाच होता. आपण कुठे आहोत ते त्याला मोबाइलवर नीट दिसत होतं, पण सांगायला रेंज नव्हती. तटरक्षकांनी त्याला खाडीकाठी आणून सोडलं.

"आणि तुझा काका?" गंगुबाईनं विचारलं.

"आज पहाटेपर्यंत होता गो आये. मग लाट आली."

"कालच का नाही कळवलंत?" तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यानं विचारलं. उत्तर वेदिकानं दिलं, तेही गावाकडे तोंड करून.

"नारळ वाहायचा तर वाहा, कोण अडवत नाही. पण माणूस वेळेवर आला नाही तर आधी फोन लावा. आणि कुणाला विचारू नका, कळवू नका, असं जो सांगेल, त्याच्यावर पहिला संशय घ्या. फोन लावायला हवा, हे मला कालच कळत होतं. तरी मी एक दिवस गप्प बसले, आणि आमचा माणूस गेला."