‘बंद’ म्हणण्याआधी

खिळेशेठला दुकानात तोंड होतं, सभेत नव्हतं. गंजका खिळा ‘मुरलेला आहे’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा हा गडी शाळेच्या समितीपुढे उभा राहिला की लटपटायचा. मागच्या सभेत तर पठ्ठ्याने स्वतःच्याच ठरावाविरुद्ध हात वर केला. त्याचं त्यालाही हसू आलं, पण बाकीचे आधी हसले.

आता शेठ मांडणार होता तो ठराव मोठा होता. नाटकाचा तास बंद, त्या जागी जादा गणित.

“बाईंकडे जा,” बायको म्हणाली. “आपल्या लेकीची दातखीळ त्यांनीच सोडवली.”

“अगं, त्या नाटकाच्या!”

“मग? बोलायला दुसरं कोण शिकवतं तिथे?”

उंदराने मांजरीकडून पळायचे धडे घ्यावेत, तसा शेठ गेला. बाईंनी भाषण वाचलं. त्यात त्यांचीच नोकरी जात होती.

“हे मी बसवून द्यायचं?”

“म्हणजे... जमलं तर.”

बाई खो खो हसल्या. “धन्य आहे तुमची! उभे राहा. खांदे खाली. ‘बंद’ म्हणण्याआधी थांबा, लोकांच्या डोळ्यांत बघा.”

“आणि नाहीच जमलं तर?”

“तर माझा तास वाचेल. पण मी कुणाला मुद्दाम कच्चं ठेवत नाही.”

सभेत शेठ थांबला. चिडीचूप. भाव न विचारता माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. बाई आठवल्या नाहीत, लेक आठवली नाही. स्वतःचा आवाज तेवढा गोड लागला.

“...बंद!”

टाळ्या. एकमताने मंजूर.

“कुठे शिकलात हो असं बोलायला?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“आपल्या बाईंकडे!” शेठ छाती फुगवून म्हणाला. आपण काय बोललो, ते त्याला जरा उशिरा ऐकू आलं. समितीने मान खाली घालून बिस्किटं संपवली. ठराव मात्र कुणी मागे घेतला नाही.

“मग बाईंच्या निरोपाचं भाषणही तुम्हीच करा,” मुख्याध्यापक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई पुठ्ठ्याचे मुकुट खोक्यात भरत होत्या. शेठची लेक दोरी बांधत होती. तिने बापाकडे पाहिलंही नाही.

“बाई, ते निरोपाचं...”

बाईंनी कागद घेतला. “‘आम्हाला अतिशय दुःख होत आहे’ हे काढा.”

“का?”

“खोटं बोलायला सराव लागतो, शेठ. आणि तास तर बंद झालाय.”

शेठने वाक्य खोडलं. खांदे, न सांगताच, खाली गेले होते.